झिजलेलं नाणं : किंमत, ओळख आणि पत्ता

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, "सर, परदेशातून रोमन नाण्यांचा न साफ केलेला लॉट मागवला तर त्यात काय सापडतं, आणि त्याची किंमत किती?" प्रश्न साधा वाटतो, पण त्यात तीन प्रश्न दडलेले आहेत. हे नाणं काय आहे? त्याला पैसे किती मिळतील? आणि त्याचं मोल काय? आपण हे तीनही एकच धरतो, आणि घोटाळा तिथेच होतो.

पहिल्यांदा लॉटमध्ये काय असतं ते पाहू. मातीने माखलेली, बोटाच्या पेरावर मावतील अशी तांब्याची किंवा ब्राँझची नाणी. बहुतेक चौथ्या शतकातली, म्हणजे सम्राट कॉन्स्टंटाइन आणि त्याच्या घराण्याच्या काळातली. ही मुख्यतः बाल्कन भागातून, डॅन्यूब नदीच्या आसपासच्या शेतांतून आलेली असतात. तिथे रोमची सरहद्द होती, सैन्य होतं, आणि सैनिकांच्या हातून पडलेली चिल्लर होती. सोनं, चांदी आणि ठसठशीत चेहऱ्याची नाणी विकणाऱ्याने आधीच वेचून काढलेली असतात. तेव्हा या लॉटमध्ये खजिना सापडेल ही आशा सोडून द्या. राहतो तो गाळ. पण मंडळी, इतिहास बराचसा गाळातच असतो बरं का!

आता ओळख. झिजलेल्या नाण्यावरची अक्षरं वाचायला बसू नका, ती शेवटी. आधी वजन आणि व्यास. मग डोकं बघा. सूर्यकिरणांसारखी टोकं असलेला मुकुट दिसला तर नाणं बहुधा तिसऱ्या शतकातलं. मोत्यांची पट्टी बांधलेली दिसली तर कॉन्स्टंटाइनच्या उत्तरकाळातलं किंवा त्यानंतरचं. मग मागच्या बाजूची आकृती बघा. तपशील गेले तरी सावलीसारखी बाह्यरेषा टिकते. दोन सैनिक समोरासमोर उभे आहेत? मग त्यांच्यामधले ध्वजदंड मोजा. दोन असतील तर साधारण 330 ते 335, एकच असेल तर 335 नंतरची काही वर्षं. म्हणजे बघा, एका उभ्या रेघेवरून पाच वर्षांचा हिशेब लागतो. लांडगी आणि तिला पिणारी दोन बाळं दिसली तर ते रोम शहराच्या गौरवाचं नाणं, त्यावर सम्राटाचा चेहराच नसतो.

मग सगळ्यात खाली, आकृतीच्या पायाशी, टांकसाळीची खूण शोधा. एस-आय-एस दिसलं तर सिसिया, म्हणजे आजच्या क्रोएशियातलं सिसाक. टी-एस दिसलं तर थेस्सलोनिका. बाजूला एखादं सुटं अक्षर असतं, ते टांकसाळीतला कितवा विभाग ते सांगतं. एवढं हाती आलं की 'रोमन इंपीरियल कॉइनेज' या दहा खंडांच्या सूचीत आपलं नाणं शोधता येतं. 337 ते 364 या काळाचा आठवा खंड केंट यांनी 1981 मध्ये सिद्ध केला. लॉटमधली पुष्कळ नाणी त्यात भेटतात.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. या लॉटमध्ये हमखास निघणारं नाणं म्हणजे 'पडलेला घोडेस्वार'. रोमन सैनिक भाला खुपसतो आहे आणि शत्रू घोड्यावरून कोसळतो आहे. भोवती लॅटिनमध्ये मजकूर, त्याचा आशय असा, की सुखाचे दिवस परत आले! हा प्रकार 348 च्या सुमारास सुरू झाला. सुरुवातीला वजन पाच ग्रॅमच्या आसपास होतं, दहाएक वर्षांत ते निम्म्यावर आलं आणि पुढे आणखी घटलं. मजकूर तोच, सुखाचे दिवस तेच, फक्त नाणं आटत गेलं. मधे 351 मध्ये मुर्सा इथे रोमनांनीच रोमनांची भीषण कत्तल केली. सरकारी घोषणा आणि तराजू यांच्यात मतभेद असेल तर तराजूवर विश्वास ठेवावा, हे तत्त्वज्ञानाच्या माणसाने नाण्यांकडून शिकलेलं आहे.

या नाण्यावर डोक्याला पट्टी असेल तर तो बहुधा सम्राट कॉन्स्टँटियस दुसरा. डोकं उघडं असेल तर तो सम्राट नव्हे, 'सीझर', म्हणजे दुय्यम पदावरचा. गॅलस तरी, नाहीतर जूलियन तरी. गॅलसचा 354 मध्ये शिरच्छेद झाला आणि जूलियन 355 च्या अखेरीस सीझर झाला. एका पट्टीच्या असण्या-नसण्यावर माणूस बदलतो.

आणि इथे मला माझी चूक सांगितली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी जर्मनीत राहणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याने मला अशी वीस नाणी आणून दिली. मी काय केलं? आमच्या घरी तांब्याचे हंडे जसे चिंचेने लख्ख करायचे, तशी ती चिंचेने घासली. नाणी चमकली, घरचे खूश! नंतर भिंग घेऊन बसलो, तर पडलेल्या घोडेस्वाराच्या एका नाण्यावर डोक्याभोवतीची रेघच नाहीशी झालेली. शतकानुशतकं जमिनीत राहून नाण्यावर जो हिरवट-काळसर थर चढतो, त्यातच उरलेले तपशील टिकून असतात. थर खरवडला की खालचं धातू बोलत नाही. ते नाणं कॉन्स्टँटियसचं की जूलियनचं, हे आता कोणीही सांगू शकणार नाही. दोष दुसऱ्या कोणाचा नाही, माझ्या उतावीळपणाचा. म्हणून सांगतो, डिस्टिल्ड पाण्यात भिजवा, पाणी बदलत राहा, आठवडे लागले तरी लागू द्यात. लाकडी टोचणीने माती काढा. थांबायचं कुठे ते कळणं, हेच यातलं कौशल्य. मात्र फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं ठेवा. तो ब्राँझचा रोग, तो नाणं पोखरतो.

आता पैसे. असं ओळखलेलं, झिजलेलं नाणं बाजारात काही डॉलरला जातं. सोळाशे-सतराशे वर्षांचं जुनं, तरी एवढंच? हो, कारण जुनेपणाला किंमत नसते. किंमत असते ती मागणीला आणि स्थितीला. टांकसाळीची एखादी दुर्मीळ खूण सापडली तरी ती हवी असणारे चारच लोक असतील तर भाव वाढत नाही.

पण मोल वेगळं. रिचर्ड रीस या ब्रिटिश अभ्यासकाने उत्खननांत मिळालेली अशीच किरकोळ नाणी 21 कालखंडांत मांडली आणि एका जागेची दुसरीशी तुलना केली. कुठल्या वस्तीत कधी पैसा खेळत होता, कुठे तो आटला, हे त्यातून दिसू लागलं. त्यात चेहरा पुसलेलं नाणंही साक्षीदार ठरतं. अट एकच, ते कुठे सापडलं ते माहीत पाहिजे. लॉटमधल्या नाण्याला नाव देता येतं, पत्ता देता येत नाही. पत्ता शेतातच राहिला. बल्गेरियासारख्या देशांत अशी परवानगीशिवायची खोदाई आणि निर्यात गुन्हा आहे, आणि 2014 पासून अमेरिकेने तिथून येणाऱ्या पुरातन नाण्यांवर आयातीची बंधनं घातली आहेत.

पत्ता खोटा असला तर काय होतं? सीझरच्या खुनानंतर ब्रूटसने पाडलेलं एक सोन्याचं नाणं 2020 मध्ये लंडनच्या लिलावात 32 लाख पौंडांहून जास्त किमतीला गेलं. पुढे त्याच्या मालकीचा सांगितलेला इतिहास बनावट निघाला आणि 2023 मध्ये नाणं ग्रीसला परत करावं लागलं. म्हणजे पत्त्याचा प्रश्न काही डॉलरच्या नाण्याला आहे तसाच लाखांच्या नाण्यालाही आहे.

आपल्यालाही हे दूरचं नाही. चौथ्या-पाचव्या शतकातली हीच रोमन तांब्याची चिल्लर तमिळनाडूत करूरजवळ अमरावती नदीच्या पात्रात सापडते, श्रीलंकेतही सापडते. आपल्याकडे 1878 चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही सापडलं तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. कायदा जुना आहे, पण त्यातलं 'कळवा' हे महत्त्वाचं.

तेव्हा त्या श्रोत्यांना माझं उत्तर असं. लॉट मागवू नका. घ्यायचंच असेल तर जुन्या संग्रहातलं, कागदपत्रं असलेलं एकच नाणं घ्या. आणि घरात आधीच पडलेली असतील तर प्रत्येकाला एक छोटं पाकीट करा. त्यावर वजन, व्यास, कोणाकडून आलं, कधी आलं, हे लिहा. माझ्या त्या चमकत्या नाण्याच्या पाकिटावर मी लिहून ठेवलंय : "पडलेला घोडेस्वार. सम्राट अनिश्चित. कारण : चिंच."