गतिरोधक (ब्रेक), सायकल व मोटारगाडीचे
चालत्या वाहनाचा वेग कमी करणाऱ्या किंवा ते थांबविणाऱ्या यंत्रणेस गतिरोधक म्हणतात. घर्षणाने वाहनाच्या गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करणे हे त्याचे कार्य होय. त्याचा विकास आधीच्या प्रकारांतील दोषांमधून झाला आणि प्रत्येक सुधारणेबरोबर निगेची नवी बाब आली.

प्रारंभीच्या सायकलींत चमचाकृती पट्टी पुढील चाकाच्या भरीव रबरी धावेवर दाबली जाई. जे. बी. डनलॉप यांनी १८८८ मध्ये हवा भरलेली धाव प्रचारात आणल्यावर ती या दाबाने झिजू लागली. त्यामुळे चाकाच्या कडेवर दाबणारे रबरी ठोकळे रूढ झाले. ते झिजले की कडेपासूनचे अंतर पुन्हा जुळवावे लागते.

मोटारगाडीत ल्वी रनो यांचा ड्रम गतिरोधक १९०२ मध्ये आला. पुढे चारही चाकांवर गतिरोधक बसविल्यावर दांडे व तारा सारख्या ताणलेल्या नसल्यास गाडी एका बाजूस ओढली जाई. माल्कम लॉकहीड यांच्या द्रवीय यंत्रणेने ही अडचण दूर केली. १९२१ मध्ये ड्यूझेनबर्ग मोटारीत ती वापरली गेली. मात्र नळ्यांत हवा शिरल्यास पेडल मऊ लागते आणि गळतीने सर्वच चाकांवरील गतिरोधक निकामी होऊ शकतात. म्हणून अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींत द्रवमार्गाचे दोन स्वतंत्र भाग सक्तीचे झाले.

ड्रम तापल्यावर पकड घटते. उघड्या तबकडीवरील गतिरोधक लवकर थंड होतात. १९५३ च्या ल मां शर्यतीतील जॅग्वारच्या विजयाने त्यांची उपयुक्तता दिसून आली. तरीही नेहमीचा ग्लायकॉलयुक्त द्रव हवेतील पाणी शोषतो व त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. लांब उतारावर तो उकळून पेडल निष्फळ ठरू नये, यासाठी तो ठराविक काळाने बदलावा लागतो.