मेण, मूस आणि चांदी

मराठीच्या विद्यार्थ्याला ‘मानसोल्लास’ ठाऊक असतो तो बहुधा एकाच कारणासाठी. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर असलेल्या या संस्कृत ग्रंथात (इ. स. ११२९च्या सुमारास) काही मराठी गीतपंक्ती आढळतात. आद्य मराठीच्या टिपणात त्यांची नोंद करायची आणि पुढे जायचे, असा शिरस्ता आहे. आम्हीही अनेक वर्षे तसेच केले. त्याच ग्रंथात धातूची मूर्ती ओतण्याची जी कृती दिली आहे तिच्याकडे आमचे लक्ष बऱ्याच उशिरा गेले आणि तेही चांदीमुळे.

कृती अशी. आधी मूर्ती मेणाची घडवायची. तिच्या पाठीवर, खांद्यांवर धोत्र्याच्या फुलासारख्या मेणाच्या लांब नळ्या जोडायच्या. मग माती घ्यायची. तीत जळलेली तुसे, बारीक कातरलेला कापूस आणि थोडे मीठ घालून पाट्यावर मऊ वाटायची. पहिला लेप इतका पातळ की आतले मेण जाणवावे. तो सावलीत वाळला की दुसरा, त्यावर जाड तिसरा. नळ्यांची तोंडे तेवढी उघडी. कापूस आणि तुसे कशासाठी, हे ग्रंथकार सांगत नाही, पण ओतकाम जाणणाऱ्याला ते सांगावे लागत नाही : माती वाळताना तडकू नये आणि ओतताना आतल्या हवेला बाहेर पडायला वाट मिळावी.

लेप देण्याआधी मेणाचे वजन करायचे, ही या कृतीतील सर्वांत देखणी पायरी. चांदी मेणाच्या बारापट घ्यावी, सोने सोळापट. आम्ही हा हिशेब आजच्या आकड्यांनी तपासून पाहिला. चांदीची घनता सुमारे १०.५ आणि मधमाश्यांच्या मेणाची सुमारे ०.९६, म्हणजे गुणोत्तर अकराच्या जरा आत. बारापट घेतलेली चांदी मूर्ती भरून थोडी उरेल, नळ्यांतही राहील. हिशेब चोख आहे. सोन्याचा मात्र जुळत नाही. शुद्ध सोने विसापट लागेल. सोळापटीत भागायचे तर त्यात चांदी-तांब्याची बरीच भेसळ हवी. राजाच्या ग्रंथात भेसळीचे प्रमाण लपून बसले आहे की काय, अशी शंका आम्हांला येते.

चांदी ९६२ अंशांना वितळते, सोने १०६४ला, तांबे १०८५ला. तांब्याला ज्वाळा उठणारे निखारे हवेत, चांदीला नुसते फुललेले पुरतात, हे ग्रंथाचे निरीक्षण त्यामुळे अगदी खरे. कोळशाची शेगडी, फुंकणी किंवा भाता, मूस, सांडस आणि चिमूटभर टाकणखार एवढ्या सामग्रीवर सोनाराच्या पडवीत चांदीचा रस होत आला, तो याच बळावर. पण चांदीची एक खोडही आहे. वितळलेली चांदी आपल्या आकारमानाच्या सुमारे वीसपट प्राणवायू पिते आणि गोठताना तो एकदम सोडते. पृष्ठभाग फुटतो, थेंब उडतात. ग्रंथातली धातूची मूस नारळासारखी बंद असते, तिला वरून लोखंडी सळईने भोक पाडायचे आणि अखंड धारेने रस ओतायचा. बंद मुशीने हवा दूर राखली जात असावी, असा आमचा तर्क.

मातीची मूर्तीसुद्धा आधी तापवायची असते. मेण गळून जाते आणि तापलेल्या पोकळीतच रस उतरतो. ओली माती राहिली तर वाफेने ओतणाऱ्याच्याच अंगावर येईल. घरी हा उद्योग करू पाहणाऱ्याने विसरू नये अशी गोष्ट.

येथे ज्ञानेश्वरी आठवते. सहाव्या अध्यायात कुंडलिनीच्या वर्णनात तापलेल्या मुशीतून मेण निघून जाते आणि ओतलेल्या रसाने ती भरून राहते, असा दृष्टान्त आहे. आम्ही वर्गात ‘मूस म्हणजे सोनाराचे धातू वितळवण्याचे भांडे’ असे सांगत आलो. आजच्या भाषेत ते बरोबर, ओवीत चूक. वितळवण्याच्या भांड्यात मेण कशाला असेल? येथे मूस म्हणजे मेणावर लिंपलेली ती माती. एकदा हे ध्यानात आले की आजूबाजूच्या ओव्याही जागच्या जागी बसतात. लगेच आधीच्या ओवीत रस नाळेने भरतो. ती नाळ ओतकाऱ्याचीही आहे. पुढे त्वचेचा पदर वर पांघरलेला असतो, म्हणजे माती अजून फोडलेली नाही. मग त्या त्वचेचा कोरडा कोंडा झडून जातो आणि आतली कांती उघडी पडते. ‘मानसोल्लासा’तही मूस आपोआप थंड झाल्यावर माती हलक्या हाताने फोडायची, असेच सांगितले आहे.

‘एकाच मुशीतून घडलेले’ असे आपण एकसारख्या माणसांविषयी म्हणतो. या पद्धतीत मूस दुसऱ्यांदा वापरताच येत नाही. फुटलेली माती अंगणात पडते आणि सोनार नाळा कापायला बसतो. कापलेल्या नाळांची चांदी तेवढी पुन्हा मुशीत जाते.