सोळा डिसेंबर : एक तारीख, दोन शरणागती

इतिहास हा विषय शाळेत बदनाम झाला तो सनावळीमुळे. लढाई का झाली, कोणी केली, तिच्यात कोणाचे काय गेले, हे मुले कान टवकारून ऐकतात. पण तारीख विचारली की वर्गावर एकदम शांतता पसरते. वर्षानुवर्षे हा विषय शिकवल्यावर आम्हां मास्तरांनाही वाटू लागते की, तारीख ही नुसती खुंटी आहे. तिच्यावर अडकवलेले वस्त्र महत्त्वाचे, खुंटी नव्हे. परंतु कधी कधी एकाच खुंटीवर दोन निरनिराळ्या काळांची वस्त्रे अडकवलेली दिसतात, आणि ती शेजारी शेजारी पाहिली म्हणजे प्रत्येकाचा पोत अधिक स्पष्ट दिसू लागतो. सोळा डिसेंबर ही आम्हां नागपूरकरांच्या दृष्टीने अशीच एक खुंटी आहे.

प्रथमच एक गोष्ट सांगून टाकतो. एका तारखेला अनेक लढाया होण्यात कसलाही दैवी संकेत नाही. वर्षाला दिवस तीनशे पासष्ट आणि माणसाने केलेली युद्धे अगणित. तेव्हा पंचांगातील कोणताही चौकोन रक्ताच्या शिंतोड्यावाचून कोरा राहावा कसा? याच सोळा डिसेंबरला, १९१४ साली, जर्मन युद्धनौकांनी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील हार्टलपूल, स्कारबरो आणि व्हिटबी या गावांवर तोफा डागल्या आणि शंभरावर माणसे मारली. याच तारखेला, १९४४ साली, आर्डेनच्या धुकटलेल्या जंगलातून हिटलरच्या सैन्याने पश्चिम आघाडीवर आपली अखेरची मोठी चढाई सुरू केली. शोधू लागलो तर ही यादी कितीही लांबेल. मला मात्र त्यांपैकी दोनच नोंदींविषयी बोलायचे आहे. एक सक्करदऱ्याची, १८१७ सालची. दुसरी ढाक्याची, १९७१ सालची. एक आपल्या अंगणातली, जी आपण विसरलो. आणि दुसरी दूरची, जी आपण दरवर्षी आठवतो.

सक्करदऱ्याची गोष्ट समजायची तर थोडे मागे गेले पाहिजे. १८०३ च्या डिसेंबरात गाविलगड पडला आणि दोनच दिवसांनी, १७ तारखेला, देवगावच्या तहावर दुसऱ्या रघूजी भोसल्यांना सही करावी लागली. कटक गेले, वऱ्हाड गेले, आणि नागपुरात इंग्रजांचा रेसिडेंट येऊन बसला. तरी रघूजींनी तैनाती फौज मात्र अखेरपर्यंत दारात येऊ दिली नाही. १८१६ च्या मार्चमध्ये ते वारले. गादीवर आलेले त्यांचे चिरंजीव परसोजी शरीराने व मनाने पंगू. कारभार पुतण्याच्या, म्हणजे मुधोजी ऊर्फ आप्पासाहेबांच्या हाती गेला, आणि त्यांनी दोन महिन्यांच्या आत तैनाती फौजेचा तह करून टाकला. पुढल्या वर्षी, १ फेब्रुवारीस, परसोजी बिछान्यात मृत आढळले. संशयाची सावली आप्पासाहेबांवर पडली ती कायमची. हे सारे सांगण्याचे कारण इतकेच की, आप्पासाहेब हे काही पोवाड्यात शोभावेत असे निष्कलंक नायक नव्हते. ज्या फौजेला त्यांनी स्वतः घरात घेतले तिच्याशीच दीड वर्षात त्यांना लढावे लागले.

१८१७ च्या नोव्हेंबरात, दिवाळी चार दिवसांवर आली असता, पुण्याजवळ खडकीला पेशव्यांची व इंग्रजांची लढाई जुंपली. ती बातमी नागपुरास पोचली. २४ नोव्हेंबरला आप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेली मानाची वस्त्रे भर दरबारात स्वीकारली. रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सने त्याचा अर्थ बरोबर ओळखला. २६ तारखेच्या संध्याकाळी सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर गोळागोळी सुरू झाली. ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालली. टेकडीवर इंग्रजांचे चौदाशेच्या आसपास शिपाई. खाली भोसल्यांची कितीतरी पट अधिक फौज, तिच्यात अरबांची कडवी पथके. लहान टेकडी अरबांनी घेतलीही होती. पण अखेर पारडे फिरले, आणि साडेतीनशेवर माणसे मृत व जखमी होऊनही टेकड्या इंग्रजांच्या हाती राहिल्या.

सीताबर्डी सर्वांना ठाऊक आहे, कारण तिच्यावर किल्ला आहे आणि पायथ्याशी बाजार आहे. परंतु नागपूरच्या राज्याचा खरा निकाल लागला तो वीस दिवसांनी. दरम्यान इंग्रजांच्या कुमकी येत राहिल्या. १२ डिसेंबरला जनरल डव्हटन मोठे सैन्य घेऊन दाखल झाला. १५ तारखेला जेंकिन्सने अटी कळवल्या : तोफा हवाली करा, फौज मोडा, आणि महाराजांनी स्वतः रेसिडेन्सीत येऊन राहावे. उत्तराची मुदत सोळा तारखेच्या पहाटे चारपर्यंत. भोसल्यांच्या वकिलाने आणखी सवड मागितली. ती दिवसांची मागितली, मिळाली तासांची. अखेर सकाळी आप्पासाहेब थोड्या लोकांनिशी निघाले आणि रेसिडेन्सीत जाऊन बसले.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून सक्करदऱ्याकडे पाहा. नागनदीच्या पलीकडे, बागेच्या व तलावाच्या बाजूला, भोसल्यांची छावणी पसरली आहे. इंग्रजांच्या अंदाजाप्रमाणे वीस हजारांवर माणसे. त्यांचा धनी पहाटेपर्यंत त्यांच्यात होता, आता तो शत्रूच्या घरी आहे. दुपारी बारा वाजता तोफा ताब्यात द्यायच्या असा हुकूम. पण त्या देऊन झाल्यावर आपले काय होणार, थकलेला पगार कोण देणार, घरी जाताना वाट कोण सोडणार, याविषयी त्या शिपायाला कोणी काही सांगितलेले नाही. करारातील सारी कलमे महाराजांविषयी आणि मुलखाविषयी होती.

डव्हटनचे सैन्य तोफा ताब्यात घेण्यासाठी पुढे सरकले. पहिल्या काही तोफा निमूटपणे मिळाल्या. पुढच्या तोफखान्यांकडून मात्र गोळे आले. मग जी लढाई झाली तिला कोणी सेनापती नव्हता म्हटले तरी चालेल, कारण जो होता तो शरण गेला होता. इंग्रजांचे घोडदळ व पायदळ तोफांवर चालून गेले आणि छावणी मोडली. ७५ तोफा, ४० हत्ती आणि सारे सामान त्यांच्या हाती लागले. त्यांची मृत व जखमी मिळून १४१ माणसे गेली. भोसल्यांची किती गेली याचा नेमका हिशेब इंग्रजी अहवालात नाही. हरलेल्यांची मोजदाद करायला कोणी थांबत नाही.

पण गोष्ट तेथेही संपली नाही. अरब आणि हिंदुस्थानी शिपायांनी मनभटाच्या नेतृत्वाखाली शहरात शिरून महाल धरला. २४ डिसेंबरला इंग्रजांनी जुम्मा दरवाजावर, म्हणजे ज्याला आज आपण गांधी दरवाजा म्हणतो तेथे, हल्ला केला, तो फसला. अखेर बोलणी झाली ती थेट या शिपायांशी. बायकामुलांसह, आपल्या खासगी चीजवस्तूंसह सुखरूप जाऊ देऊ असे वचन मिळाल्यावर ३० डिसेंबरला ते शहराबाहेर पडले. म्हणजे महाराजांनी जे आपल्या सैनिकांसाठी मागितले नाही, ते सैनिकांनी स्वतः आणखी दोन आठवडे झुंजून मिळवले. लहान मुलांच्या पुस्तकात हे वाक्य येत नाही, परंतु माझ्या मते त्या साऱ्या प्रकरणातील लक्षात ठेवण्यासारखे वाक्य तेच आहे.

पुढची कहाणी सर्वश्रुत आहे. आप्पासाहेबांना गादीवर परत बसवले, मार्चमध्ये पुन्हा कैद केले. अलाहाबादेस नेत असता ते निसटले, महादेवाच्या डोंगरात हिंडले, पंजाबपर्यंत गेले आणि १८४० साली जोधपुरास परमुलखात वारले. नागपूरचे राज्य तिसऱ्या रघूजींच्या मृत्यूनंतर खालसा झाले.

आता एकशे चोपन्न वर्षे ओलांडून १९७१ कडे येऊ. आपल्या पंचांगाप्रमाणे पाहिले तर हे दोन दिवस एक नाहीतच. १८१७ चा तो मंगळवार मार्गशीर्षाच्या शुक्ल पक्षात होता. संध्याकाळी सक्करदऱ्याच्या विस्कटलेल्या छावणीवर अर्धा चंद्र असणार. १९७१ चा सोळा डिसेंबर हा मार्गशीर्षाच्या वद्य पक्षातला शेवटचा गुरुवार. अमावास्या दुसऱ्याच दिवशी होती. घरोघरी बायकांनी महालक्ष्मीच्या व्रताचे उद्यापन मांडले होते, आणि मुंबईसारख्या शहरांत खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले होते. पूजा आटोपायच्या सुमारास रेडिओवर बातमी आली.

ढाक्यातही मुदत घड्याळाचीच होती. भारतीय सेनाप्रमुख सॅम माणेकशा यांनी १५ तारखेच्या संध्याकाळी पाच वाजल्यापासून विमानांचे हल्ले थांबवले आणि उत्तरासाठी सोळाच्या सकाळी नऊपर्यंत वेळ दिला. ती मुदतही पुढे दुपारपर्यंत वाढवण्यात आली. सकाळी मेजर जनरल नागरा यांचे दल शहराच्या दाराशी पोचले; दुपारी मेजर जनरल जेकब शरणागतीचा मसुदा घेऊन हेलिकॉप्टरने उतरले; आणि साडेचारच्या सुमारास रमना रेसकोर्सच्या मैदानात, एका साध्या टेबलाशी बसून लेफ्टनंट जनरल नियाझी यांनी लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा यांच्यासमोर सही केली. भोवती लोटलेला समुदाय नऊ महिन्यांच्या कत्तलीतून वाचलेला होता. जवळपास एक कोटी माणसे घरदार सोडून भारतात आली होती. त्या समुदायाच्या हाती नियाझी सापडले असते तर काय झाले असते, हे सांगायला नको.

पण तो कागद पाहा. तो जेमतेम पानभर आहे आणि त्यात जिंकणाऱ्याच्या मोठेपणाचे शब्द फारसे नाहीत. जो कोणी शस्त्र खाली ठेवील त्याला जिनिव्हा कराराप्रमाणे सैनिकाला साजेशा सन्मानाने वागवले जाईल, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे; परकीय नागरिक, अल्पसंख्य समाज आणि पश्चिम पाकिस्तानातील माणसे यांच्या संरक्षणाचीही हमी आहे. सुमारे ९३ हजार माणसे ताब्यात आली, सैनिक आणि इतरही. १९७४ च्या एप्रिलपर्यंत ती सर्व टप्प्याटप्प्याने परत गेली. ढाक्यात सक्करदरा घडले नाही याची कारणे अनेक असतील, परंतु एक कारण मला त्या कागदात दिसते : तेथे हरणाऱ्या शिपायाला आपले उद्या काय होणार हे आधी सांगितले गेले होते.

त्याच सकाळी ढाक्यापासून शेकडो कोस दूर, शकरगड भागात बसंतर नदीच्या पलीकडे, आणखी एक गोष्ट घडली होती. पूना हॉर्स ही आपल्या सैन्यातील जुनी पलटण. ती उभारली गेली १८१७ सालीच, दुसऱ्या बाजीरावाला जुलमाने कराव्या लागलेल्या पुण्याच्या तहान्वये. मराठ्यांचे राज्य बुडवण्याच्या वर्षी जन्मलेली ही पलटण १९७१ साली स्वतंत्र भारतासाठी रणगाड्यांवरून लढत होती. तिच्यातील सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा जन्म पुण्याचा, शिक्षण खडकवासल्याच्या प्रबोधिनीत, वय एकवीस. त्यांच्या ‘फामागुस्ता’ नावाच्या रणगाड्याने पेट घेतला. बाहेर पडा असा हुकूम आला. तोफ अजून चालते आहे, मी येणार नाही, असे त्यांनी कळवले, आणि ते तेथेच धारातीर्थी पडले. मरणोत्तर परमवीरचक्र त्यांना मिळाले. पश्चिमेकडील युद्ध दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता थांबले. एक दिवस उलटला असता तर एक आयुष्य उरले असते.

२००१ साली त्यांचे वृद्ध वडील, ब्रिगेडियर खेत्रपाल, आपले फाळणीपूर्वीचे गाव पाहण्यासाठी पाकिस्तानात गेले. लाहोरला ज्या सेवानिवृत्त ब्रिगेडियरच्या घरी ते उतरले होते त्याने त्यांची मनोभावे सेवा केली आणि निघायच्या आधी सांगितले की, तुमच्या मुलावरचा अखेरचा गोळा माझ्या रणगाड्यातून सुटला. हे त्याला सांगितल्यावाचून राहवले नाही. त्या घरातल्या दोन म्हाताऱ्या सैनिकांपुढे ‘विजय दिवस’ हा शब्द कसा ऐकू आला असेल?

दर सोळा डिसेंबरला आपण विजय दिवस पाळतो, आणि तो पाळावा असाच दिवस आहे. एका पिडलेल्या देशाची त्या दिवशी सुटका झाली. बांगलादेशातही ती तारीख त्याच नावाने ओळखली जाते. त्याच तारखेला सक्करदऱ्याच्या तलावावरून माणसे रोजच्या कामाला जातात, येतात. तेथे कोण कोण पडले, त्यांची नावे काय, हे कोणाला ठाऊक नाही, आणि कधी ठाऊक होईल असेही नाही. त्यांच्या धन्याने त्यांच्यासाठी एक ओळ लिहून घेतली असती तर कदाचित त्यांतील बरेचजण त्या मार्गशीर्षात घरी पोचले असते.

दिवाळी सरली की मार्गशीर्ष येतो, आणि त्याच सुमारास सोळा डिसेंबरही. त्या दिवशी घरातल्या मुलांना ढाक्याची गोष्ट सांगालच. त्यानंतर त्यांना सायकलवर बसवून सक्करदऱ्यापर्यंत न्या, परतताना गांधी दरवाजावरून या, आणि या वाटेवर कोण लढले तेही सांगा. तारीख त्यांना आपोआप पाठ होईल.