स्वच्छ राहिलेली चकती

डोळ्यात फूल पडलं की मागची नजर शाबूत असूनही माणसाला दिसत नाही. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, पांढरा पडलेला असतो. तो काढून दुसरा बसवावा, हा विचार जुना आहे. जर्मनीच्या फ्रान्झ राइसिंगर यांनी 1824 साली या शस्त्रक्रियेला ‘केराटोप्लास्टी’ हे नावही देऊन टाकलं. यश मात्र फार लांब होतं. न्यूयॉर्कच्या रिचर्ड किसम यांनी 1838 मध्ये डुकराचं पारपटल माणसाला लावलं; ते लवकरच गढूळ झालं. पुढे आर्थर फॉन हिप्पेल यांनी घड्याळासारखं चावीवर फिरणारं गोल पातं तयार केलं. हत्यार चांगलं मिळालं, तरी प्राण्याचं पारपटल टिकेना.

7 डिसेंबर 1905. मोराव्हियातल्या ओलोमोत्स गावी डॉ. एडुआर्ड झिर्म यांच्याकडे एक मजूर होता, चुन्याने दोन्ही डोळे भाजलेला. त्याच सुमारास अकरा वर्षांच्या एका मुलाचा डोळा लोखंडाच्या तुकड्याने निकामी होऊन काढावा लागला. पारपटल तेवढं चांगलं होतं. हिप्पेलच्या पात्याने झिर्मनी त्यातून दोन चकत्या कापल्या आणि मजुराच्या दोन डोळ्यांत बसवल्या. चकतीला टाका घातला नाही, वरून डोळ्याच्याच पातळ पडद्याच्या पट्ट्यांनी ती धरून ठेवली. एक चकती वाया गेली. दुसरी स्वच्छ राहिली, आणि तो माणूस पुन्हा कामाला लागला.

वाया गेलेल्या चकतीचाही उल्लेख प्रत्येक वेळी व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं. पारपटलात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून शरीराच्या पहारेकऱ्यांना परकी चकती सहसा सापडत नाही. पण चुना पारपटलाच्या कडेच्या मूलपेशी जाळतो, मग रक्तवाहिन्या आत शिरतात आणि चकती नाकारली जाते. पारपटल शंकूसारखं पुढे येतं त्या आजारात रोपणाचे निकाल उत्तम लागतात; चुन्याने भाजलेल्या डोळ्यात ते आजही सर्वांत अवघड. झिर्मना पहिलं यश मिळालं ते नेमक्या अशा डोळ्यात.

तरी एका माणसाला दृष्टी मिळायची तर दुसऱ्या जिवंत माणसाचा डोळा काढला जाण्याची वाट पाहावी लागे. ही अट मोडली ओडेसाच्या व्लादिमिर फिलाटोव्ह यांनी. 1930च्या दशकात त्यांनी मृतांच्या डोळ्यांतली, थंडीत जपलेली पारपटलं वापरली. त्यातून नेत्रपेढ्यांची वाट खुली झाली. मुंबई राज्याने 1957 मध्येच पारपटल रोपणासाठी कायदा केला.

आता चकती पूर्ण जाडीचीच लागते असंही नाही. नेदरलँड्सच्या खेरिट मेलेस यांच्या पद्धतीत फक्त खराब झालेला आतला थर बदलतात. पण कोणत्याही पद्धतीला मरणोत्तर नेत्रदान लागतंच, आणि त्यात दात्याचं वय, चष्मा किंवा झालेली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सहसा आड येत नाही. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत डोळे काढायला हवेत. तोवर पापण्या मिटाव्यात, वर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा आणि नेत्रपेढीला फोन लावावा.