लेथ, लेव्हल आणि प्राध्यापक श्लेझिंगर

१/
घरच्या वर्कशॉपमध्ये लेथ बसवणारा हौशी कारागीर आधी लेव्हल मागवतो. लेथ क्षितिजसमांतर हवा, अशी त्याची समजूत असते. वास्तविक जहाजांवरील लेथ लाटांसवे डुलतात आणि तरीही त्यांवर चोख काम होते.

२/
खरे भय असते ते बेडला पडणाऱ्या पिळाचे. बिडाचा बेड कितीही भक्कम दिसो, उंचसखल जमिनीवर बोल्ट आवळले की तो किंचित पिळतो. मग सरकते हत्यार जॉबच्या अक्षाजवळ येते वा दूर जाते आणि जॉब टेपर निघतो. दोष मात्र बहुधा बिचाऱ्या टर्नरच्या माथी!

३/
हा पीळ ओळखायला आधी बेडच सपाट हवा. १८०० च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉड्स्लेने धातूचे नेमके लेथ घडवले. त्याच्याकडे काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४० मध्ये ग्लासगो येथे सपाट पृष्ठभागांवर निबंध वाचला. दोनच प्लेटा एकमेकींवर जुळवल्या, तर एक फुगीर व दुसरी खोलगट असूनही त्या बेमालूम बसतात. तिसरी प्लेट आळीपाळीने दोघींवर ताडली की ही लबाडी उघडी पडते. पुढे उंचवटे एमरीने न घासता स्क्रेपरने खरवडावेत, हा त्याचा आग्रह.

४/
मशीन अचूक आहे, हे खरेदीदाराने मानायचे कशावरून? बर्लिनचे प्राध्यापक गेऑर्ग श्लेझिंगर यांनी १९२७ मध्ये मशीन टूल्सच्या चाचण्यांचे पुस्तकच प्रसिद्ध केले. कोणते माप कोठे घ्यावे आणि किती चूक क्षम्य, हे त्यात ठरवून दिले होते. विक्रेत्याच्या शब्दाऐवजी आकडा बोलू लागला.

५/
१९३३ मध्ये नाझी सत्तेने या ज्यू प्राध्यापकाला तुरुंगात टाकले. सुटकेनंतर त्यांनी देश सोडला. १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या चाचण्या मात्र देशोदेशींच्या कारखान्यांत रुजल्या.

६/
घरच्या लेथलाही तीच शिस्त लागू पडते. मीटरमागे ०.०२ मिलिमीटर दाखवणारी लेव्हल बेडवर आडवी ठेवावी, प्रथम हेडस्टॉकपाशी, मग टेलस्टॉकपाशी. बुडबुडा दोन्हीकडे एकाच रेघेवर थांबला, की पीळ नाही. सुताराची लेव्हल येथे निरुपयोगी. त्यानंतर चकमध्ये जाड सळई धरून, टेलस्टॉकचा आधार न देता, तिच्यावर दोन कॉलर एकाच सेटिंगवर हलक्या कटने टर्न करावेत. मायक्रोमीटरने दोन्हींचा व्यास वेगळा भरला, तर टेलस्टॉककडच्या एका पायाखाली पातळ पत्र्याचे पॅकिंग सरकवावे, बोल्ट आवळावेत आणि पुन्हा कट घ्यावा.