थॅलॅसेमियाजन्य अस्थिविरलता
(उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर)

थॅलॅसेमिया मेजर या आनुवंशिक रक्तविकारात हाडे विरळ व ठिसूळ होणे. ऑस्टिओपोरोसिस (अस्थिविरलता) म्हटले की पाठीत वाकलेली आजी डोळ्यांपुढे येते. इथे रुग्ण दहावीतला मुलगाही असू शकतो.

आनुवंशिकता : हाडांच्या घनतेत माणसामाणसांत दिसणारा ५० ते ८० टक्के फरक आनुवंशिक असल्याचे जुळ्यांच्या अभ्यासांवरून दिसते. पण तो शेकडो जनुकांत विखुरलेला असतो. थॅलॅसेमियात मात्र मूळ दोष अकराव्या गुणसूत्रावरच्या एकाच बीटा-ग्लोबिन जनुकात असतो. आईवडील दोघेही ‘मायनर’, म्हणजे वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळ ‘मेजर’ असण्याची शक्यता २५ टक्के.

प्रदेश : फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वस्ती झाली, ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. पत्त्यात ‘कॅम्प’ आणि त्याचा क्रमांक अजूनही असतो. देशात थॅलॅसेमियाचे वाहक सरासरी ३ ते ४ टक्के. सिंधी समाजात त्याहून अधिक. ६१९ बेस-जोड्या गळालेले जनुक या समाजात विशेष आढळते. लोहाणा, कच्छी भानुशाली व पंजाबी समाजांतही वाहक जास्त आहेत.

अंबरनाथ, बदलापूर : उल्हासनगरच्या पुढे, त्याच लोकल मार्गावर. वाहक-तपासणी इथेही हवी.

कारणे : रक्त पुरे पडावे म्हणून अस्थिमज्जा फुगते आणि हाडाची भिंत आतून पातळ होते. दर दोन ते चार आठवड्यांनी चढवलेल्या रक्तातले लोह शरीरात साचते. ते पीयूषिका ग्रंथीला इजा करते, वयात येणे लांबते आणि हाड भरण्याची वर्षे हातची जातात. ड जीवनसत्त्वाची कमतरता त्यात भर घालते.

निदान : हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी, मुख्यतः कमरेच्या मणक्यांची. पन्नाशीपुढच्या स्त्रीत उणे २.५ वा त्याखालचा टी-स्कोअर (निरोगी तरुणांशी तुलना) निर्णायक मानतात. मुलांत व तरुणांत समवयस्कांशी तुलना करणारा झेड-स्कोअर पाहतात. उंची खुंटलेल्या मुलाचा आकडा प्रत्यक्षाहून वाईट दिसतो, म्हणून उंचीचा हिशेब धरावा लागतो. कोलाजेनच्या सीओएल१ए१ जनुकातील एका फरकाचा हाडांच्या विरळपणाशी संबंध काही अभ्यासांत दिसला. नेहमीच्या तपासणीत तो नाही. वाहकांची हाडे कमजोर असतात का, याबाबत मतभेद आहेत.

उपचार : लोह उतरवणारी औषधे, ड जीवनसत्त्व, संप्रेरके, निवडक रुग्णांत हाडांची झीज रोखणारे बिस्फॉस्फोनेट.

प्रतिबंध : हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या (एचपीएलसी) रक्ततपासणीच्या अहवालात ‘एचबीए-२’ अशी एक ओळ असते. तिथला आकडा साधारण ३.५ टक्क्यांवर असेल तर व्यक्ती बहुधा वाहक. सिंधी घरात लग्न ठरताना होणाऱ्या ‘कच्ची मिश्री’पूर्वीच दोघांनी ही तपासणी करून घेणे उत्तम. लग्नानंतर कळले, तरी गरोदरपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा अंश तपासून गर्भाचे निदान होते. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था या क्षेत्रात काम करते.