बांबूचे ऊतिसंवर्धन

बांबूचे ऊतिसंवर्धन : निवडक बेटावरील डोळा किंवा बियांतील भ्रूण निर्जंतुक पोषक माध्यमावर वाढवून त्यापासून मोठ्या संख्येने रोपे तयार करण्याची प्रयोगशाळेतील पद्धत. शेतकरी आणि रोपवाटिकाधारक तिला ‘टिश्यू कल्चर’ याच नावाने ओळखतात. केळीच्या बाबतीत हे तंत्र महाराष्ट्रात कधीच रुळले. बांबूने मात्र ते सहजासहजी स्वीकारले नाही, आणि त्याची कारणे या वनस्पतीच्या जीवनक्रमात आहेत.

बांबू हे गवताच्या कुळातील झाड. त्याच्या अनेक जाती आयुष्यात एकदाच फुलतात, बी धरतात आणि वाळून जातात. विदर्भात कटांग म्हणून ओळखला जाणारा काटेरी बांबू (बांबुसा बांबोस) कित्येक दशकांनी फुलोऱ्यावर येतो. मिझोराममधील मेलोकॅना बॅसिफेरा ही जात सुमारे 48 वर्षांनी सर्वत्र एकाच वेळी फुलते. तेथे 1958-59 च्या फुलोऱ्यानंतर उंदीर माजले, पिके फस्त झाली आणि दुष्काळ पडला. बी मिळते तेव्हा ढिगाने मिळते, पण त्याची उगवणशक्ती काही महिन्यांतच ओसरते. त्यानंतर पुढची अनेक वर्षे बियांवर विसंबता येत नाही. मग उरतो तो कंद. बेटाच्या कडेची कोवळी काठी कंदासकट खणून लावणे ही जुनी, खात्रीची रीत आहे. परंतु कंद जड असतो, वाहतुकीत सुकतो, आणि एका बेटातून फार कंद काढले तर बेटच दुखावते. काठीचे किंवा फांदीचे तुकडे लावूनही रोपे होतात. मात्र काही जातींत अशा तुकड्याला पालवी आणि मुळे फुटली तरी कंद धरत नाही, आणि कंदाशिवाय बेट उभे राहत नाही.

बांबूचा भ्रूण कृत्रिम माध्यमावर वाढवल्याची नोंद 1968 सालची आहे. पुढे 1980 च्या दशकात दिल्ली विद्यापीठात बियांपासून मिळवलेल्या पेशीपुंजातून कायिक भ्रूण आणि त्यांतून रोपे तयार करण्यात आली. जगाचे लक्ष वेधणारे काम मात्र पुण्यात झाले. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील रजनी नाडगौडा, व्ही. ए. पाराशरामी आणि ए. एफ. मस्कारेन्हस यांनी 1990 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की, नारळाचे पाणी आणि बेंझिल ॲडेनीन हे कायटोकायनीन असलेल्या माध्यमावर बांबूचे कोवळे कोंब कुपीतच फुलतात आणि बीही धरतात. ज्या फुलोऱ्यासाठी माणसाला अर्धे आयुष्य वाट पाहावी लागते, तो काही महिन्यांत काचेच्या कुपीत आला होता. एरवी दोन जाती एकाच वेळी फुलोऱ्यावर मिळणे दुर्मीळ, त्यामुळे त्यांचा संकर जवळजवळ अशक्य; या शोधाने ती वाट निदान किलकिली झाली. भारतीय वनस्पतिविज्ञानातील हे एक अत्यंत मोलाचे काम आहे, आणि महाराष्ट्रात ते याहून अधिक ठाऊक असायला हवे.

व्यापारी उत्पादनात मात्र फुलोरा नको असतो, कोंब हवे असतात. त्यासाठी उत्तम वाढीच्या बेटातील कोवळ्या फांदीचा एक डोळा असलेला तुकडा घेतात. तो साबणाच्या पाण्याने, बुरशीनाशकाने आणि शेवटी मर्क्युरिक क्लोराइडच्या सौम्य द्रावणाने धुतात. खरी पहिली लढाई इथेच असते. शेतातल्या बांबूच्या पेशींच्या आतही जिवाणू वस्ती करून असतात. वरून कितीही धुतले तरी ते मरत नाहीत आणि काही दिवसांनी, कधी महिन्यांनीही, माध्यम गढूळ होते. पावसाळ्यात घेतलेल्या तुकड्यांत बुरशीचा उपद्रव विशेष असतो, म्हणून डोळे कोणत्या ऋतूत घ्यायचे याला महत्त्व आहे. तुकड्यातून पाझरणारी फिनॉलयुक्त द्रव्ये माध्यम तपकिरी करतात, ही दुसरी डोकेदुखी.

माध्यम बहुधा मुराशिगे आणि स्कूग यांनी 1962 मध्ये तंबाखूसाठी सिद्ध केलेल्या क्षारमिश्रणावर आधारलेले असते. त्यात साखर, जीवनसत्त्वे आणि कायटोकायनीन घालून ते 121 अंश सेल्सिअसला दाबाखाली निर्जंतुक करतात. संवर्धनकक्षात सुमारे 25 अंश तापमान आणि साधारण 16 तास प्रकाश असतो. डोळा फुटला की एकाचे अनेक कोंब होतात आणि दर तीन-चार आठवड्यांनी ते ताज्या माध्यमावर हलवावे लागतात. या टप्प्यावर बांबूची एक खोड सांभाळावी लागते : एकटा सोडवलेला कोंब बहुधा पिवळा पडून मरतो. म्हणून चिमट्याने आणि सुरीने झुपका फोडताना तीन-चार कोंब एकत्र ठेवतात.

त्यानंतर मुळे. पुष्कळ जातींचे कोंब भराभर वाढतात, पण मुळे धरायला नाखूश असतात. इंडोल ब्युटिरिक आम्लासारखी ऑक्झिने देऊन ती फोडावी लागतात. मग रोपे कुपीतून काढून, मुळांना चिकटलेले माध्यम धुऊन, दमट हरितगृहात कोकोपीटसारख्या भुसभुशीत मिश्रणात लावतात आणि आर्द्रता हळूहळू कमी करतात. कुपीतल्या पानांना कोरड्या हवेची सवय नसते. घाई केली तर ती काही तासांत माना टाकतात. कणखर होऊन शेडनेटखाली गेलेले रोप सुरुवातीला गवताच्या ठोंबासारखे दिसते. त्याला पहिल्यापेक्षा जाड नवा कोंब आला की खाली कंद धरू लागला असे समजावे. असा कोंब नसलेले रोप, कितीही उंच असले तरी, शेतात नेण्याजोगे नसते.

ऊतिसंवर्धनाने मूळ बेटाचे गुण जसेच्या तसे उतरतात, आणि त्याचे वयही. प्रौढ बेटाच्या डोळ्यापासून झालेली रोपे नव्याने जन्मलेली नसतात. मूळ बेट फुलायला आले असेल तर हजारो शेतांतील त्याची रोपेही त्याच सुमारास फुलून मरू शकतात. म्हणून मातृबेटाची निवड आणि त्याच्या उगमाची नोंद हा या तंत्राचा गाभा आहे. प्रयोगशाळा कितीही अद्ययावत असली तरी हा दोष तिला दुरुस्त करता येत नाही. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 2006 मध्ये ऊतिसंवर्धित रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणन व्यवस्था सुरू केली. तिच्यात प्रयोगशाळांना मान्यता दिली जाते आणि रोपे विषाणुमुक्त व मूळ वाणाशी एकरूप आहेत का, हे पाहिले जाते. मातृबेटाचे वय मात्र ग्राहकाने स्वतः विचारले पाहिजे.

शेतजमिनीवरील बांबू 2017 च्या दुरुस्तीने भारतीय वन अधिनियमातील ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला, तोडणी-वाहतुकीची अडचण कमी झाली आणि रोपांची मागणी वाढली. भीमा या नावाने विकला जाणारा बिनकाट्यांचा बाल्कोआ बांबू प्रामुख्याने ऊतिसंवर्धनातूनच शेतकऱ्यांपर्यंत पोचला. बाल्कोआ बी धरत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी हे तंत्र विशेष उपयोगी ठरते. मानवेल (डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस) या जातीचे बी त्या मानाने अधिक वेळा मिळते, आणि तेव्हा बियांची रोपे स्वस्त पडतात, शिवाय त्यांत विविधताही राहते. कोकणातील भरीव काठीचा माणगा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या कंदावर लावत आले आहेत. दोन-चार गुंठ्यांच्या बांधावर लावायचा असेल, तर शेजारच्या निरोगी बेटातला कंद आजही पुरतो. शेकडो एकरांवर एकाच प्रतीची काठी हवी असेल, तेव्हा प्रयोगशाळेकडे वळावे.